कावळा काही केल्या शिवेना

अप्पांचा दहावा होता, आणि बदलापूरच्या नदीकाठी टिपणिसांच्या घरातली झाडून सगळी शहाणी माणसं एका कावळ्याच्या मिनतवाऱ्या करत उभी होती.

कावळा ढिम्म.

तसे कावळे पुष्कळ होते. पलीकडच्या करंजावर ओळीनं बसले होते, लग्नात मुलाकडची माणसं बसतात तसे. माना वाकड्या करून बघायचे, एकमेकांच्या कानात काहीतरी सांगायचे, पण पानावर यायचं नाव नाही. खाली सपाट दगडावर पिंड, बाजूला दहीभात आणि अप्पांचा जीव होता म्हणून द्रोणात वालाचं बिरडं. वैशाखाचं ऊन असं, की ते बिरडं दगडावर पुन्हा शिजत होतं.

बायकांनी दहाव्याला नदीवर यायची या घरात रीत नव्हती. पण अप्पांनीच सांगून ठेवलं होतं, "माझ्या दहाव्याला बायकांनाही न्या रे. नुसते पुरुषांचे चेहरे बघून कुठला कावळा येतो?" गुरुजींना हे पसंत नव्हतं. पण मेलेल्या माणसाशी वाद घालणार कसा? म्हणून बायका थोड्या लांब, उंबराखाली बसल्या होत्या. अंजनीआत्या, म्हणजे अप्पांची थोरली लेक, मधोमध. तिच्या डावीकडे उमा, अप्पांची सून. आणि उजवीकडे उमाची लेक मालिनी, जिच्या पोटात सकाळपासून पाण्याच्या घोटाशिवाय काही नव्हतं. त्यामुळे तिला सगळं जग थोडं तरंगल्यासारखं दिसत होतं. नदी जागच्या जागी लकाकत होती, वाहते आहे की नाही कळत नव्हतं. करंजाच्या सावलीत मधूनच अप्पा पाय हलवत बसल्यासारखे वाटायचे. पापणी लवली की पुन्हा कावळा.

आणि मालिनीला एकटीलाच ठाऊक होतं, अप्पांचं काय राहिलंय ते.

अप्पा जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती त्यांच्याजवळ बसली होती. पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला होता. हॉस्टेल होतं. जूनमध्ये जायचं. घरात हे फक्त आईला माहीत, आणि आई तर कधी काही बोलायचीच नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "शरदशी मी बोलतो. उद्या जेवण झालं की बोलतो." दुसऱ्या दिवशी अप्पा जेवले, पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले. थोड्या वेळानं तो पेपर वर-खाली व्हायचा थांबला. बोलायचं राहून गेलं.

आता हे सांगायचं कुणाला? साक्षीदार एकच, आणि तो करंजावर.

"अप्पा," मालिनीचे बाबा हात जोडून कावळ्यांकडे बघत म्हणाले, "विहिरीला कठडा बांधीन."

बाबा म्हणजे शरदचंद्र. अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर. रोज सायकलवरून टाय लावून जाणारा माणूस आज ओल्या पंचानं, नुकतं केलेलं टक्कल चमकवत उभा होता. त्यांना त्यांच्या ऑफिसातल्यांनी ओळखलं नसतं, कावळा काय ओळखणार?

कावळ्यांनी कठडा ऐकून घेतला. कुणी हललं नाही.

"अप्पा, मी बिडी सोडली," चंदूकाका म्हणाला. तो बाबांचा धाकटा भाऊ. टक्कल त्याचंही, पण त्याला ते शोभत होतं.

एका कावळ्यानं सरळ पाठ फिरवली.

"चंदू, जरा खरं वाटेल असं बोल," आत्या उंबराखालून ओरडली. मग स्वतःच डोळे मिटून पुटपुटली, "अप्पा, आईची नथ माझ्याकडे आहे ती उमाला देते हो." हे ती इतक्या हळू म्हणाली की कावळ्याला काय, शेजारी बसलेल्या उमालासुद्धा ऐकू जाऊ नये.

"मग आता अप्पांना हवंय तरी काय?" बाबा वैतागले.

"घोड्याला विचारा," चंदूकाका म्हणाला.

बाबांनी डोळे वटारले. पण मालिनीच्या ओठांचे कोपरे हलले, आणि समोरचं ऊन पातळ होऊन त्यातून एक टांगा निघाला.

तो चंदूकाकाच्या लग्नाचा टांगा. अठ्ठेचाळीस साल, मालिनी तेव्हा परकरात. नवरी अंबरनाथची. कल्याणहून भाड्यानं आणलेला टांगा पुढे, बाकी वऱ्हाड मागून बैलगाड्यांनी. टांग्यात चंदूकाका मुंडावळ्या बांधून, शेजारी अप्पा पागोटं घालून, मांडीवर मालिनी. टांगेवाल्याला डुलकी लागली. घोडा बिचारा रोज कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पात धान्य ओढायचा. त्यानं आपली रोजची वाट धरली आणि नवरदेवाला नेऊन उभं केलं थेट कॅम्प चारच्या बराकींसमोर. तिथं सिंधहून आलेले लोक नुकतेच उतरले होते. कुणीतरी मोठा साहेब पाहणीला येणार म्हणून सकाळपासून वाट बघत होते. त्यांनी पागोटं बघितलं, हार बघितले, आणि साहेब आला म्हणून चंदूकाकाला खुर्चीवर बसवलं. नळ नाही, छप्पर गळतं, संडासाला दार नाही. चंदूकाका मुंडावळ्यांतून सगळं ऐकत होता, आणि अप्पा दर तक्रारीला मान हलवून म्हणत होते, "बघतो." पापड आले, सरबत आलं. तिकडे मुहूर्त टळला. शेवटी मांडवात पोचल्यावर नवरीच्या बापानं कडाडून विचारलं, "होतात कुठे तुम्ही?" अप्पा शांतपणे म्हणाले, "घोड्याला विचारा."

तेव्हापासून घरात कुठलीही गोष्ट सापडेना, कुठलाही पाहुणा वेळेवर येईना, साखर संपली कशी कळेना, की घोड्याला विचारा. गंमत म्हणजे थोड्याच दिवसांत कॅम्पात खरंच नळ आला. तो आपोआप आला, पण लोकूमल शेठनं त्याचं पुण्य कायमचं चंदूकाकाच्या नावावर जमा केलं. आजही लोकूमल आला होता. कॅम्प चारमधलं कपड्याचं दुकान बंद ठेवून, डोक्याला रुमाल बांधून, हातात चहाची किटली घेऊन तो वाळूत उकिडवा बसला होता. अप्पांचा दोस्त. अप्पा त्याच्या दुकानात दिवसभर बसायचे, विकत काही घ्यायचे नाहीत.

"नलवाले साहब," तो चंदूकाकाला म्हणाला, "चाय घेऊन टाका ना. थंडी होते."

"शेठ, इथं पिंड शिवायचाय आणि चहा काय?" बाबा म्हणाले.

"अप्पा काय बोलत होते? आधी चहा, मग आग."

आता मात्र उमासुद्धा पदराआड वळली.

ते असं झालं होतं, की एका उन्हाळ्यात परसातली पेंढ्याची उडवी पेटली. सगळा गाव बादल्या घेऊन धावत आला. अप्पांनी दारातच सगळ्यांना अडवलं. "एवढ्या उन्हात आलात, आधी चहा घ्या. सूनबाई, आधण ठेव." लोक म्हणाले, अप्पा, आग! अप्पा म्हणाले, ती कुठं पळून जाते? विहिरीतलं पहिलं पाणी आधणाला गेलं. लोक बिचारे बशीत फुंकर मारत बसले, एक डोळा आगीवर. चहा होईपर्यंत उडवी आपली आपण जळून, राख होऊन, विझून गेली. अप्पांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बघा. धावला असतात तर दमला असतात." तेव्हापासून घरात परीक्षा असो, भांडण असो, बाळंतपण असो, आधी चहा, मग आग.

चहा झाला. गुरुजींनीसुद्धा घेतला. कावळे बघत राहिले.

"शरदराव," गुरुजी उपरण्यानं मिशी पुसत म्हणाले, "सूर्य डोक्यावर आला. मला अंबरनाथला दुसरीकडे जायचंय. मी दर्भाचा कावळा करतो, तो लावू पिंडाला. शास्त्रात सोय आहे."

"गवताचा?" आत्या ताडकन उठली. "माझ्या बापाला गवताचा कावळा? म्हणजे गावभर होणार, चिंतामण टिपणिसाचा आत्मा लटकला म्हणून. शरद, मी सांगते त्यांचं काय राहिलंय. घरात एकोणीस वर्षांची घोडनवरी बसलीय, ते राहिलंय. बोल. बाळाजीचं बोल."

बाळाजी म्हणजे आत्याच्या सासरचा पुतण्या. कल्याणला वजनमापाच्या खात्यात होता. माणूस वाईट नव्हता. फक्त हसायला आलं की तोंडावर रुमाल धरायचा, आणि हसू जाईपर्यंत धरून ठेवायचा. अप्पा एकदा त्याला भेटले होते. घरी येऊन म्हणाले, "चांगला आहे. दुकानात ठेवायला."

बाबा थोडे घुटमळले. मग त्यांनी घसा साफ केला. "अप्पा, मालूचं लग्न करून देतो."

करंजावरून एक कावळा खाली उतरला.

आत्यानं मालिनीचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "बघितलंस? बघितलंस?"

"पाऊस लागायच्या आत करून देतो," बाबांचा आवाज चढला.

कावळा एक उडी पुढे आला. मालिनीला वाटलं, नदी खरंच थांबली. कावळ्यानं मान कलती केली आणि तिच्याकडे बघितलं, अप्पा चष्म्यावरून बघायचे तसं. अप्पा, तुम्हीसुद्धा? ती मनात म्हणाली. कालपर्यंत माझ्या बाजूला होतात, आणि एका बिरड्यासाठी?

"नाव सांग, नाव," आत्या कुजबुजली. "त्यांना कळू दे कोणाशी ते."

"बाळाजीशी!"

कावळा थांबला. पिंडापासून हातभर लांब. त्यानं चोच दगडावर एकदा अशी, एकदा तशी घासली.

"अरे नुसतं बाळाजी काय? कल्याणात बाळाजी का थोडे आहेत? पुरतं सांग."

बाबांनी बाळाजीचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, खातं सांगितलं, खात्यातला हुद्दा सांगितला, आणि नोकरी कायम आहे हेही सांगितलं. कावळ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग पंख झटकले आणि जाऊन करंजावर आपल्या जागेवर बसला.

मग चंदूकाकाच्या नाकातून एक बारीक शिट्टी निघाली. तो हसू दाबत होता. दाबलेलं हसू म्हणजे कुकरची वाफ, या घरात तर जास्तच. लोकूमलनं मान खाली घातली, त्याचे खांदे हलायला लागले. गुरुजी एकदम उपरण्यानं डोळे पुसू लागले.

"हसा," आत्या फणकारली. "बापाच्या दहाव्याला हसा."

"ताई, मी नाही हसत," चंदूकाका म्हणाला. "मी म्हणतो, उलटं घालून बघूया का?"

हे अप्पांचं शेवटचं गाजलेलं वाक्य. कलेक्टरसाहेब गावात येणार होते, तेव्हा अप्पा घाईघाईत कोट उलटा घालून गेले. अस्तर बाहेर, खिसे आत. सभेत पहिल्या रांगेत बसले. साहेबांनी भाषणात सांगितलं, की जुने कपडे उलटून शिवून वापरणाऱ्या या वृद्ध गृहस्थांकडून देशानं काटकसर शिकावी. टाळ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात निम्मा बदलापूर उलटे कोट घालून हिंडत होता. त्यानंतर कुलूप उघडेना, गणित सुटेना, दूध फाटलं, की अप्पा म्हणायचे, उलटं घालून बघा.

"म्हणजे काय करू?" बाबांनी खरंच विचारलं. ऊन डोक्यात गेलं होतं. "लग्न करणार नाही म्हणू?"

"म्हणून तर बघ."

"जीभ झडेल!" आत्या ओरडली. "पिंडासमोर दिलेलं वचन फिरवता येत नाही."

लोकूमलनं हात वर केला. "ताईजी, धंद्याची बात सांगू? तुम्ही माल दाखवला. गिऱ्हाइकानं हात लावला नाही, चालला गेला. सौदा फोक, रद्द. आता तुमच्यावर बंधन कुठलं?"

"तुम्ही गप्प बसा शेठ. हा धंदा नाही."

"मी कुठं बोलतो? कावळा बोलला."

गुरुजींनी तोवर दर्भ वळायला घेतले होते. त्यांच्या बोटांत एक हिरवट चोच तयार होत होती. मालिनीनं ती बघितली. गवताचा कावळा लागला, की संपलं. मग आत्या जन्मभर सांगणार, लग्न राहिलं म्हणून अप्पा अडकले. आणि ते ऐकून ऐकून बाबा तिला त्या रुमालाच्या मागे नेऊन बसवणार.

ती उठली. पाय आपले आपण चालले. वाळू तापली होती, पण तिला चटका कळला नाही. पाण्यात चालल्यासारखं वाटत होतं.

"बाबा, अप्पा तुमच्याशी बोलणार होते."

"कशाबद्दल?"

"पुण्याला ट्रेनिंगला माझा नंबर लागलाय. हॉस्टेलवर राहायचं. अप्पा म्हणाले होते, शरदशी मी बोलतो, उद्या जेवण झालं की. आणि मग…" तिच्याच्यानं पेपरचं सांगवेना. "त्यांचं तेवढंच राहिलंय. दुसरं काही नाही."

बाबांच्या टकलावरून घामाचा एक ओघळ नाकावर आला. "मला तर काही बोलले नाहीत."

"तेच तर म्हणते ना मी!"

"वा गं वा!" आत्या आली. "मेलेल्या माणसाच्या नावावर वाटेल ते खपवा. पुणं काय, हॉस्टेल काय! मग मीही सांगते, अप्पा म्हणाले होते ते घर अंजनीला द्या म्हणून."

"तसं म्हणाले होते?" चंदूकाकानं दचकून विचारलं.

"नव्हते म्हणाले. पण हिचं खरं तर माझंही खरं."

सगळे बाबांकडे बघायला लागले. करंजावरचेसुद्धा. बाबा कठीण प्रसंगी जे करायचे तेच त्यांनी केलं. त्यांनी हात जोडले, करंजाकडे वळले आणि म्हणाले, "अप्पा, विचार करू."

कावळे सगळेच्या सगळे उडाले. एक गिरकी घेऊन लांब नदीच्या वळणावर गेले.

"दादा," चंदूकाका गंभीरपणे म्हणाला, "तुझं 'विचार करू' म्हणजे काय, ते कावळ्यांनासुद्धा माहितीय."

यावर हसायचं की नाही कुणाला कळेना. बाबांचा चेहरा पडला होता. ते ऑफिसर दिसत नव्हते, चंदूकाकाचे थोरले भाऊसुद्धा दिसत नव्हते. वर्गाबाहेर उभा केलेला मुलगा दिसत होते. मालिनीला एकदम वाटलं, जाऊ दे. काय व्हायचं ते होऊ दे. यांना घरी नेऊन जेवायला वाढूया.

गुरुजींचा दर्भाचा कावळा तयार झाला. जरा बदकासारखा झाला होता. गुरुजी तो घेऊन उठले.

"थांबा," उमा म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं, कारण तिचा आवाज बाहेर कुणी फारसा ऐकलेला नव्हता. या घरात प्रत्येकाचं एक वाक्य होतं. अप्पांची तर चिक्कार. बाबांचं विचार करू. आत्याचं गावभर होणार. चंदूकाका दुसऱ्यांची वापरायचा. उमाचं काहीच नव्हतं. ती फक्त स्वयंपाकघराच्या दारातून हाका मारायची.

ती उंबराखालून निघाली, गुरुजींच्या समोरून गेली, आणि पिंडाच्या दगडाशी वाकली. द्रोण वाऱ्यानं कलला होता, तो सरळ केला. दहीभातावर बसलेली माशी हातानं वारली. पदर डोक्यावर सारखा केला. आणि नदीच्या वळणाकडे बघत, फार मोठ्यानं नाही, रोज जशी म्हणायची तशी म्हणाली,

"अप्पा, पान वाढलंय. निवायच्या आत या."

मालिनीला कळतं तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती हे ऐकत आली होती. बाहेर अप्पांची गोष्ट रंगात आलेली असायची. घोडा कॅम्पाच्या फाटकात शिरायचा, आणि आतून ही हाक यायची. अप्पा म्हणायचे, "आलो गं सूनबाई," आणि घोडा तिथेच उभा राहायचा. या हाकेवर कुणी कधी हसलं नव्हतं, कुणी ती पाहुण्यांना सांगितली नव्हती. हे वाक्य आहे, हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

उमा मागे सरकली. सगळे तिच्याबरोबर मागे सरकले.

वळणावरून एक कावळा निघाला. घाई नव्हती. पाण्यावरून सावली ओढत आला, दगडावर उतरला. आधी बिरड्याचा एक वाल उचलला. डोकं मागे टाकून गिळला. मग दुसरा उचलला. मग दहीभाताकडे जाताना त्याचा डावा पाय पिंडावर पडला.

"शिवला!" चंदूकाका ओरडला.

"पाय लागला," आत्या म्हणाली. "चोच नाही लागली. पाय चालतो का?"

"चालतो," गुरुजी म्हणाले. त्यांनी बदक पाण्यात सोडलं होतं आणि ते पंचा झटकत होते. "शिवला म्हणजे शिवला. शास्त्रात पाय वर्ज्य नाही." आणि ते जे निघाले ते थेट अंबरनाथच्या वाटेला लागले.

बाकीचे कावळे आले. दगडावर एकच कालवा झाला. बाबा बराच वेळ हात जोडून उभे होते. मग वळले. डोळे लाल होते, पण सुटल्यासारखे दिसत होते.

"चला," ते म्हणाले. "काही न मागता आले. कुठलं वचन नाही, काही नाही. सगळं जिथल्या तिथं."

मालिनीनं मनात हिशेब केला. जिथल्या तिथं म्हणजे घरी. म्हणजे बाळाजी.

"असं कसं?" आत्यानं लगेच धरलं. "काहीतरी ऐकल्याशिवाय आले का ते? लग्नाचं वचन आधी दिलेलं आहेच. ते उभं आहे."

"ते फोक झालं," लोकूमल म्हणाला.

"उमा," आत्या वळली, "तू वाकलीस तेव्हा मनात काही बोललीस का?"

उमानं रिकामी किटली उचलली, झाकण लावलं.

"बोलले."

"काय?"

"मी म्हटलं, मालूला पुण्याला पाठवते. तुमचं बोलायचं राहिलं, तर मी बोलते."

वाळवंटात चुळबुळ झाली. बाबा एक पाऊल पुढे आले. "अगं पण मला न विचारता? पिंडासमोर?"

"तुम्ही विचार करत होतात," उमा म्हणाली. "मला मधे बोलता येईना."

"मोठ्यानं कुठं म्हणालीस?" आत्यानं शेवटचा अडसर लावला. "मोठ्यानं म्हणायचं असतं."

"ताई, तुम्ही नथीचं कुठं मोठ्यानं म्हणालात?"

आत्याचा चेहरा असा झाला, की चंदूकाका वाळूतच बसला. त्याला उभं राहवेना. लोकूमलला नथ म्हणजे कुठली काही ठाऊक नव्हतं, तरी तो हसला, सोबत म्हणून. आणि मग आत्यालाच फुटलं. ती आधी रागावूनच हसली, मग नुसतीच हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्यातलं कुठलं हसण्याचं आणि कुठलं बापाचं, कुणी विचारलं नाही.

बाबा एकटे हसत नव्हते. ते पाण्याच्या कडेला गेले, पंचा पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. मालिनी जवळ जाऊन उभी राहिली. पाण्यावर ऊन असं होतं की बघवत नव्हतं. आई बोलली होती. आता त्यावर आणखी काही बोलणं म्हणजे भातावर भात वाढणं.

बाबांच्या टकलाला ऊन लागून ते लाल झालं होतं. घाम हनुवटीवरून टपटपत होता.

"पुण्याला थंडी फार असते म्हणतात," ते पाण्याकडे बघत म्हणाले.

"असते, बाबा."

"हॉस्टेलवाले काय, एक चादर देत असतील. त्यानं काय होतंय?"

मागून वाळू खचखचली. लोकूमल केव्हाच येऊन पोचला होता.

"साईं, ओरिजिनल मिलिट्रीचं कंबल आहे माझ्याकडे. कॅम्पातलं. असं गरम, असं गरम, की बेटीला पुण्यात बदलापूरसारखं वाटेल."

"आता? या उन्हात?" बाबा म्हणाले.

"उन्हातच घ्यायचं. हाताला लागतं ना लगेच."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग मालिनीकडे. पंचा डोक्यावर टाकला.

"बोचतं का ते?" त्यांनी विचारलं. "हिला लोकर बोचते."